मायलेकींची रत्नागिरी: पुण्याहून पहिल्यांदाच दोघीच निघणाऱ्यांसाठी

आम्ही दोघीच समुद्राला गेलो तेव्हा आई ६३ वर्षांची होती आणि मी ३७. त्याआधी समुद्र पाहिला नव्हता असं नाही, पण तो नेहमी सगळ्या गोतावळ्याबरोबर. बाबा, दादा-वहिनी, पोरं पाण्यात, आणि आई वाळूत सतरंजीवर, सगळ्यांच्या चपला, घड्याळं नि मोबाइल राखत बसलेली. दोघीच गेलो तेव्हा राखायला काही नव्हतं. चपला हातात घेतल्या आणि पाण्याकडे गेलो.

त्यानंतर आमच्या चार खेपा झाल्या. सोसायटीतल्या बायका, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारत राहतात: कुठे राहता, गाडी कोण चालवतं, आईचे गुडघे दुखत नाहीत का. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

रत्नागिरीच का? अलिबाग पुण्याहून जवळ आहे, पण शनिवार-रविवारी तिथे अर्धं पुणं आणि अर्धी मुंबई भेटते. गोवा आईला नको असतो, मला लांब पडतो. रत्नागिरी नीट नांदतं शहर आहे. औषधाची दुकानं, सिव्हिल हॉस्पिटल, रिक्षा, बाजार, सगळं हाताशी, आणि समुद्र शहराला लागूनच. साठी ओलांडलेल्या आईबरोबर जाताना हे फार उपयोगी पडतं. ते पहिल्याच रात्री कळलं, कारण आईच्या बीपीच्या गोळ्या आम्ही पुण्यात ओट्यावर विसरलो होतो.

तारीख ठरवायची ती तिथी बघून

सगळे लोक आधी सुट्टी बघतात, मग हॉटेल, मग गाडी. तिथे पोचल्यावर कळतं, आपण संध्याकाळी चार वाजता उत्साहाने खाली उतरलोय आणि समुद्र थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलाय. चालायला वाळूच नाही. आमचं पहिल्या खेपेला हेच झालं. दोन दिवस आम्ही संध्याकाळी कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी जिथे जेवायला जात होतो तिथल्या काकूंनी आईला विचारलं, "आज तिथी कुठली हो?" आईला तिथी नेहमी पाठ असते. म्हणाली, "दशमी." काकू म्हणाल्या, "मग साडेसातची भरती. दीड-पावणेदोनला पाणी तळाला. तुम्ही संध्याकाळी कशाला जाताय?" कसं काढलं विचारलं तर म्हणाल्या, तिथीची पाऊणपट करायची. मी मोबाइल काढेपर्यंत आई सुरू झाली होती: "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..." शाळेत पाठ केलेली पाऊणकी तिने पन्नासेक वर्षांनी पहिल्यांदा कशासाठी तरी वापरली. "पंधरा पाऊण सव्वाअकरा," असं म्हणून थांबली आणि माझ्याकडे बघून हसली.

तर हिशोब असा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत मोजणी एकपासूनच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि दिवसातून दोनदा हा फेरा होतो. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास, पक्षाच्या सुरुवातीला तासभरसुद्धा इकडेतिकडे होतो. निघायच्या आधी मोबाइलवर रत्नागिरीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्याच. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता यातून काढायचं काय? पौर्णिमेला भरती सकाळी अकराच्या पुढे, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ऊन उतरलेलं, पाणी मागे गेलेलं, ओली घट्ट वाळू लांबच लांब उघडी पडलेली, तिच्यावर आईचे गुडघे कुरकुर करत नाहीत. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र दहा पावलांत करतात. शिवाय पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, आणि संध्याकाळी सहाला ते नेमकं वर असतं.

म्हणून आमचा नियम: शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमेचा दुसरा दिवस. अमावास्येलाही पाण्याचं गणित तेच, पण परत येताना अंधार. पौर्णिमेचा आणखी एक फायदा म्हणजे संकष्टी त्यानंतर तीन-चार दिवसांनी येते, त्यामुळे गणपतीपुळ्याची गर्दी आपोआप टळते.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडा, खोल्यांचे भाव आणि माणसं दोन्ही दुप्पट होतात. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो पण घामाने जीव नकोसा होतो. पुण्याचं ऊन कोरडं, तिथलं चिकट. जून ते सप्टेंबर पाण्यात जायचा विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते बोट काढत नाहीत, तिथे आपण पाय ओले करायला कशाला जायचं?

जायचं कसं

गाडीने सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सातारा, कऱ्हाड, तिथून कोकरूड-मलकापूर, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. थांबत-थांबत आठ तास धरा. दुसरा रस्ता उंब्रजवरून पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. मला आंबा घाट आवडतो, कारण तो उतरला की महामार्गावर फार वेळ काढावा लागत नाही.

पहाटे साडेपाचला निघा. साताऱ्याला नाश्ता, आंब्याला चहा, दुपारी दोनपर्यंत खोलीवर. घाट दिवसाउजेडीच उतरायचा, यात तडजोड नाही. धुकं आलं की वळणावर समोरचं काही दिसत नाही. आईला गाडी लागत असेल तर मलकापूरच्या पुढे तिला पुढच्या सीटवर घ्या, काच थोडी खाली, आणि घाटाच्या आधी पोटभर खाऊ देऊ नका. आमची आई आवळासुपारी तोंडात धरून डोळे मिटते, आणि घाट संपल्यावर "काही दिसलंच नाही" म्हणून माझ्यावर रागावते.

गाडी चालवायची नसेल तर स्वारगेटहून एसटी. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे दोघींचं मिळून एक. आई पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तिचा प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. रात्रीची गाडी घेतली तर पहाटे उतरता आणि खोली दहा-अकराशिवाय मिळत नाही. आधी फोन करून निदान सामान ठेवायची, तोंड धुवायची सोय विचारा. आईला पहाटे पाचला स्टँडच्या बाकावर बॅगा राखत बसवलं, तर सहल तिथेच संपते.

रेल्वेने जायचं तर पुण्याहून पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि त्या रोज नसतात. दिवस जुळले तर उत्तम. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाचे पैसे धरून ठेवा.

खोली घेताना फोनवर काय विचारायचं

फोटोंवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या खेपेला मी ‘सी टच’ म्हणून एक जागा घेतली. फोटोत गॅलरीतून समुद्र दिसत होता आणि प्रत्यक्षातही दिसला. पण त्याला ‘टच’ करायला डोंगरउतारावरच्या जांभ्या दगडाच्या ८४ पायऱ्या होत्या, कठड्याशिवाय. आईने त्या तीन दिवसांत एकदाच उतरून चढल्या, आणि पुढचा महिना पुण्यात फिजिओथेरपीला गेली. पायऱ्या मोजल्या तिनेच. अजून सांगते सगळ्यांना.

म्हणून हे प्रश्न, याच क्रमाने. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, खोलीपासून वाळूपर्यंत किती? कमोड आहे ना? बाथरूमच्या फरशीचा फोटो पाठवाल का? (गुळगुळीत फरशी आणि ओले पाय, बाकी समजून घ्या.) सकाळी गरम पाणी किती वाजता येतं? वीज गेली तर पंखा चालतो का? कपडे वाळत घालायला दोरी कुठे? शेवटचा प्रश्न ऐकून माणसं हसतात, पण मायलेकींच्या सहलीत दोरीवरून जितकी भांडणं होतात तितकी पैशांवरून होत नाहीत.

जागा शहरात किंवा भाट्याच्या बाजूला बघा. गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं आणि इतर बरंच काही आहे, जागा सुंदर आहे, पण देवस्थानाची वर्दळ आणि वीकेंडचा गोंगाट असतो. ते २५ किलोमीटरवर आहे, एक दिवस जाऊन यायला पुरे.

पिशवीत काय

टर्किश टॉवेल नको, पंचे घ्या. कोकणच्या दमट हवेत टर्किश टॉवेल तीन दिवस वाळत नाही आणि त्याला वास येतो. प्रत्येकी दोन पंचे.

पाण्यात जायचे कपडे हा आईच्या बाबतीत नाजूक विषय आहे. "मला कुठे पाण्यात जायचंय" असं ती पुण्यात म्हणेल, आणि तिथे पाणी बघितल्यावर साडी नाही तर चांगला पंजाबी ड्रेस भिजवेल. वाद न घालता तिचा एक जुना सुती कुडता आणि घोट्याच्या वर राहणारी सलवार तुमच्या बॅगेत टाका. ओली साडी पायांत गुंडाळली की लाटेत तोल जातो, हे तिला पटवायला मात्र वेळ लागतो. मला दोन खेपा लागल्या.

दागिने घरी. सोन्याच्या बांगड्यांपायी ती मनगटाच्या वर पाणी लागू देत नाही. औषधं मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये, आणि नावं लिहिलेली चिठ्ठी सोबत. पट्ट्याचे रबरी सँडल, कारण साध्या चपला ओल्या वाळूत अडकून मागेच राहतात. पातळ बेडशीट, टॉर्च, प्लास्टिकच्या दोन पिशव्या ओल्या कपड्यांसाठी. गुडघ्याचा पट्टा असेल तर तो.

आई पोळ्या, चटणी, लाडू, चिवडा घेणारच. घेऊ द्या. घाटात उपयोगी पडतं.

पहिली संध्याकाळ: भाट्ये, आणि फक्त भाट्ये

पोचल्या दिवशी काहीही बघायला जाऊ नका. दुपारी झोपा, चहा घ्या आणि चारच्या पुढे भाट्याला जा. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथला पूल ओलांडला की उजवीकडे सुरूचं बन आणि त्याच्यापुढे सपाट, लांब किनारा. दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे. देवळापर्यंत चालत जायचं की नाही ते आईच्या पायांना विचारा. परत यायचंय हे जाताना लक्षात ठेवा.

त्या दिवशी आई बराच वेळ काठावरच उभी होती. कुडता गुडघ्यापर्यंत, हातात चपला, पर्स काखेत घट्ट. एक लाट आली, घोट्यांवरून गेली आणि परत फिरली. लाट मागे जाते तेव्हा टाचांखालची वाळू घेऊन जाते, पाय थोडे खाली रुततात आणि आपणच मागे सरकतोय असं वाटतं. आईने माझा दंड धरला. "अगं, पायाखालची वाळू सरकते म्हणजे खरंच अशी सरकते का?" जन्मभर म्हण वापरलेली, ती टाचेला आज समजली. मग तिला तो खेळच लागला. प्रत्येक लाटेला पाय घट्ट रोवायचे आणि किती रुततात ते बघायचं. पर्स शेवटी माझ्या गळ्यात आली.

हा वेळ कशातही घालवू नका. फोटो दोन-तीन काढा, मग मोबाइल खिशात.

पाण्यात उतरताना

इथे मी कडक आहे. पोहता येत असो नसो, दोघींनी पोटरीपर्यंतच, फार तर गुडघ्यापर्यंत. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी जोरात ओढतं, आणि आपण तेच दिवस निवडलेत. म्हणून वाळूवर चालायचं, पाण्यात फक्त पाय.

समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. फोटोसाठी लोक हेच करतात आणि मागून आलेली मोठी लाट गुडघ्यामागे बसते. दोन ठिकाणी लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तिथे जायचं नाही. तो शांत वाटतो कारण तिथूनच पाणी आत परत जात असतं. चुकून ओढलंच तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे. आणि ओढल्या गेलेल्या माणसामागे दुसरीने उडी मारायची नाही. ओरडा, कोळी लोक, जीवरक्षक, जवळचं कुणीही बोलवा, ११२ ला फोन लावा. रुग्णवाहिका १०८. हे सगळं आईला खोलीवरच सांगून ठेवा, कारण मुलगी बुडताना दिसली तर आई थांबेल असं मला वाटत नाही.

आरे-वारे आणि गणपतीपुळे इथे तर गुडघाही नको. आरे-वारेचे दोन्ही किनारे वरच्या रस्त्यावरून बघायला फार देखणे आहेत, पण तिथे माणसं बुडाली आहेत. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो आणि लाटा पायाखाली खड्डे करतात. स्थानिक माणूस "इथे नको" म्हणाला की "आम्ही फक्त जरा" हे वाक्य तोंडातच ठेवा.

सकाळी शहर, संध्याकाळी समुद्र

पौर्णिमेच्या आसपास सकाळी दहा-अकराला पाणी वर असतं. तो वेळ शहर बघायला.

थिबा राजवाडा पहिला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला, तो १९१० मध्ये इथे राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. खाली वस्तुसंग्रहालय आहे; सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आईला तिथे थोरल्या राजकन्येची गोष्ट लागली. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण ही मुलगी स्वतःच्या मुलीला घेऊन रत्नागिरीलाच आली आणि १९४७ मध्ये वारेपर्यंत इथेच राहिली. लेक, टूटू, मराठी बोलत, रत्नागिरीकर होऊन म्हातारी झाली. राजवाड्याच्या गच्चीसारख्या त्या मोकळ्या जागेत आई थोडा वेळ बसून राहिली. म्हणाली, "आजीचा राजवाडा, आणि नात परक्या गावात." मग पाणी मागितलं. तिथून थिबा पॉइंटला जा, खालची भाट्याची खाडी आणि काल आपण जिथे चाललो तो किनारा एका नजरेत दिसतो.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान (जन्म १८५६) अर्ध्या तासात बघून होतं, कौलारू घर थंडगार असतं. १९३१ चं पतितपावन मंदिर वाटेतच. रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, भगवतीच्या देवळापर्यंत थोड्या पायऱ्या उरतात. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि वारा इतका की आईचा पदर आवरत नाही. टोकाला दीपगृह. पायऱ्या झेपत नसतील तर किल्ला सोडा, मांडवीला जा. तिथली वाळू काळी, जेट्टीवर बसायला जागा, आणि भेळ. किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांची वाळू हे आईला इतकं अजब वाटलं की तिने दोन्ही रुमालात बांधून आणली. आता तुळशीवृंदावनापाशी दोन वाट्यांत आहे.

गणपतीपुळ्याचा दिवस वेगळा ठेवा. सकाळी सातला निघा, किनाऱ्याच्या रस्त्याने, आरे-वारेच्या वळणावर थांबत. देऊळ समुद्राला तोंड करून आहे, मागच्या डोंगरालाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. ती साधारण किलोमीटरभराची, फरसबंदी वाट आहे, हळूहळू होते. नऊच्या आत दर्शन झालं तर प्रदक्षिणा सावलीत होते. शेजारी मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. मराठी शिकवलेल्या आईला तिथे न्या, आमची निवृत्त शिक्षिका आहे, ती बाहेर येईना. चारच्या आत भाट्याला परत.

जेवण

आमच्याकडे आई माळकरी आणि मी मासे खाणारी. जेवणाआधी विचारून घ्या की तवा नि कढया वेगळ्या आहेत का. बहुतेक घरगुती खाणावळींत असतात, आणि विचारल्याचा राग कुणी मानत नाही. दुपारचं जेवण सकाळीच सांगून ठेवायचं, कारण तिथे माणसं मोजून भात टाकतात. तिला कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक. मला बांगडा किंवा सुरमई आणि तीच सोलकढी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूंची उसळ दोघींनाही. नाश्त्याला घावणे सांगा. पोहे पुण्यात मिळतात.

पहिल्या दिवशी सोलकढी बेताने. घाट उतरून आलेल्या पोटाला ती कधीकधी मानवत नाही.

भांडणं

होतील. आई पहाटे पाचला उठून पिशव्या खुळखुळवेल, तुम्हाला आठपर्यंत झोपायचं असेल. तिला एकटीला चहा प्यायला बाहेर जाऊ द्या. ती तोपर्यंत मालकिणीकडून आमसुलं, भाव आणि तिच्या सुनेची हकिगत घेऊन येते. दिवसातून एक तास दोघींनी वेगवेगळं राहायचं, हे आम्ही ठरवूनच टाकलंय. पैसे एका पाकिटात आधीच ठेवा, दोघींनी घातलेले, खर्च त्यातूनच. नाहीतर प्रत्येक रिक्षापाशी "मी देते", "नाही, मी देते" होतं. आणि बाबांचा फोन येईल, कुकरची शिट्टी कुठे आहे म्हणून. दिवसातून एकदाच उचलायचा.

परतीचा दिवस

आदल्या संध्याकाळी सगळे ओले कपडे गोड्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. खारट राहिले तर ते कधीच वाळत नाहीत, चिकट होतात. खरेदीही आदल्या दिवशीच: आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं सरबत. एप्रिल-मेमध्ये गेलात आणि हापूस घेतलात तर अर्धवट पिकलेला घ्या, पेटीत पेंढा असू दे, आणि पेटी गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका. रस्त्यावर ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून काहीही विकलं जातं. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा बागेतून किंवा ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

सकाळी घावणे खाऊन आठपर्यंत निघा म्हणजे घाट ऊन चढायच्या आत वर येतो. आवळासुपारी आईच्या हातात द्या. घरी पोचल्यावर बॅगा, सँडल आणि पंचे गच्चीत नेऊन झटका. बाथरूममध्ये धुवायला घेऊ नका, वाळूने मोरीची जाळी तुंबते, आणि मग ती काढायला आईच खाली बसते.